पहिल्या पावसावर पेरू नका

मागच्या अंकात क्रिकेटच्या उत्तरांमध्ये मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की मार्चएंडला अमेरिकेत बेसबॉलचा सीझन सुरू होतोय, मराठवाड्यात कुणी बघत असलं तर कळवा. वाटलं होतं दोन-तीन जण निघतील. निघाले भलतेच. वाळूजच्या कंपनीतले, लातूरच्या क्लासमधले, सेलूची एक शाळकरी पोरगी, अन परभणीच्या एक वहिनी ज्यांना बेसबॉलशी काही देणंघेणं नाही पण तक्रार मोठी आहे. जमतील तेवढी उत्तरं देतो. पत्रं थोडी कापली आहेत, शिव्या काढल्या आहेत.

प्रश्न: सर नमस्कार, आम्ही वाळूज एमआयडीसीत थर्ड शिफ्टला पाच जण आहोत, आमच्यातला एक जण कंपनीकडून मशीनच्या ट्रेनिंगला सहा महिने अमेरिकेला जाऊन आला अन तिकडून हे याड घेऊन आला, आता आम्ही सगळेच बघतो, ब्रेकमधी मोबाईलवर. भांडण असं झालंय की एकाची टीम पहिल्या बारा मॅचमधी तीनच जिंकली. तो म्हणतो अजून दीडशे मॅच पडल्यात, बाकीचे चौघं म्हणतो संपलं, वाटोळं झालं सीझनचं. पैज लागलीय, महिनाभर सगळ्यांचा चहा. कोण बरोबर?
(थर्ड शिफ्टवाले, वाळूज)

उत्तर: आपल्याकडं जूनमध्ये काय होतं ते आधी आठवा. मृगाची एक जोरदार सर येते, मातीचा वास सुटतो, शेजारच्यानं ट्रॅक्टर घातला की आपल्याला दम निघत नाही, बियाणं टाकून मोकळे होतो, अन मग पंधरा-वीस दिवस आभाळाकडं बघत बसायचं आणि शेवटी दुबार पेरणी. कृषी खातं दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका. बेसबॉलमधला एप्रिल म्हणजे ती मृगाची पहिली सर. तुमच्या चौघांनी तिच्यावर पेरणी करून टाकलीय.

हिशोब बघा. एका टीमच्या १६२ मॅच, मार्चएंडपासून सप्टेंबरएंडपर्यंत, जवळजवळ रोज. आयपीएलच्या साखळीत १४. म्हणजे आयपीएलची एक मॅच इथल्या साडेअकरा मॅचच्या बरोबरीची झाली, तुमच्या मित्राच्या टीमच्या बारा मॅच झाल्या म्हणजे समजा आयपीएलची एकच मॅच झाली. एका मॅचवर पॉइंट टेबल कोण बघतं राव? मुंबई इंडियन्स २०१५ ला पहिल्या चारही हरली होती अन शेवटी कप घेऊन गेली, त्या चार मॅच बेसबॉलच्या मापानं ४६ होतात.

आणि बेसबॉलमध्येच उदाहरण पाहिजे असलं तर वॉशिंग्टन नॅशनल्स घ्या. २०१९ ला पन्नास मॅच झाल्या तेव्हा १९ जिंकलेल्या, ३१ हरलेल्या. कोचला हाकला, प्लेअर विकून टाका, सगळं बोलून झालं होतं लोकांचं. त्यांनी सीझन ९३-६९ (९३ विजय, ६९ पराभव) असा संपवला, वाइल्ड कार्डमधून, म्हणजे गटात पहिले न आलेल्यांसाठीच्या दारातून आत शिरले अन वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल जिंकली, तीही सातही मॅच खेळून, ह्यूस्टनच्या विरुद्ध. म्हणजे ५० मॅचचा पाऊससुद्धा फसवू शकतो.

उलटं पण होतं बरं का. १९८७ ला मिल्वॉकी ब्रूअर्सनी पहिल्या १३ सलग जिंकल्या, गावात दिवाळी, मे महिन्यात त्यांनीच सलग १२ हरून दाखवल्या आणि ९१ विजय घेऊनसुद्धा प्लेऑफ हुकलं. २०२३ ला टॅम्पा बे रेजनी पण अशाच १३ सलग घेतल्या, ९९ जिंकल्या, अन प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर दोन दिवसांत खेळ खलास. ज्यांनी त्यांना हरवलं ते टेक्सासवाले पुढं चॅम्पियन झाले.

पण म्हणून सुरुवात म्हणजे काहीच नाही असं म्हणू नका, तुमचा तो मित्र तेवढ्यासाठी खूश होऊ नये. कधी कधी पावसाळा खरंच कोरडा असतो अन तो पहिल्याच आठवड्यात दिसतो. १९८८ ला बाल्टिमोर ओरिओल्स पहिल्या २१ मॅच हरले. एकवीस! एप्रिल संपायला आला तेव्हा पहिला विजय, आणि सीझन ५४-१०७. २०२४ चे शिकागो व्हाइट सॉक्स पहिल्या २५ पैकी ३ जिंकले होते, शेवटी ४१-१२१, आधुनिक काळात एका सीझनमध्ये एवढ्या मॅच कुणीच हरलं नव्हतं. तसंच चांगलं पण, १९८४ चे डेट्रॉइट टायगर्स ४० मॅच झाल्या तेव्हा ३५-५ होते, मग मागं वळून बघितलंच नाही, वर्ल्ड सिरीज घेऊनच थांबले. म्हणजे सुरुवात अगदी टोकाची असली तर ती खरं बोलते, मधली असली तर गप्पा मारते.

आता ३-९. ही गप्पा आहे. ९० विजयांच्या आसपास गेलं की बहुतेक वेळा प्लेऑफच्या दारात उभं राहता येतं, २०२२ पासून ३० पैकी १२ टीम आत जातात. तुमच्या मित्राच्या टीमला उरलेल्या १५० पैकी ८७ पाहिजेत, म्हणजे शंभरात ५८. अवघड आहे, पण चांगल्या टीमचं रोजचं काम आहे ते. मी असतो तर विजय-पराजय सोडून एकच बघितलं असतं, रन किती केले आणि किती दिले. नऊ पराभवांतले सहा एक-एक रननं असतील तर नशिबाचा भाग आहे, फिटतो. दोन दिवसाआड आठ-दहा रननं धुलाई होत असली तर मित्राला म्हणावं चहाची किटली तयार ठेव. पैजेचा निकाल मी मे महिन्याच्या मध्यावर लावा म्हणतो, साधारण ४० मॅच झाल्यावर. तोपर्यंत ज्याचा त्याचा चहा ज्याच्या त्याच्या खिशातून.

प्रश्न: भाऊजी, तुमचं लिखाण आमच्याकडं वाचतात म्हणून लिहिते. आमचे हे एप्रिलपासून पहाटे साडेचारला उठून बसतात, मोबाईलवर मॅच, आवाज बारीक करा म्हटलं तर म्हणतात पाचवी इनिंग चालू आहे. नळाला पाणी आलं तरी उठत नाहीत. ह्या मॅच रात्री जेवणाच्या टायमाला होत नाहीत का? आणि हे कधी संपतं?
(एक त्रासलेली बायको, परभणी)

उत्तर: वहिनी, सप्टेंबरएंडला संपतं. प्लेऑफ धरलं तर ऑक्टोबरएंड, कधी नोव्हेंबर उजाडतो. माफ करा.

वेळेचं असं आहे की उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं. तिथं संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी मॅच सुरू झाली की आपल्याकडं पहाटेचे ४:३५. लॉस एंजेलिसकडची टीम असती तर सकाळी पावणेआठच्या आसपास सुरू झाली असती, म्हणजे डबा भरायच्या वेळेला, ते अजून वाईट. पण तिकडं दुपारच्या मॅच पण असतात, विशेषतः शनिवार-रविवारी आणि आठवड्यात अधूनमधून बुधवार-गुरुवारी. दुपारी १:०५ ची मॅच आपल्याकडं रात्री १०:३५ ला. भाऊंना म्हणावं वेळापत्रक बघून तेवढ्याच बघा, १६२ पैकी १६२ बघणारा माणूस अमेरिकेत पण सापडायला अवघड.

दिलासा एवढाच की आता मॅच लवकर संपतात. २०२३ पासून पिच क्लॉक आलंय, बेसवर (रन घेताना थांबायच्या जागेवर) कुणी नसलं तर पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्यानं, १५ सेकंदांत बॉल टाकायचा, बेसवर रनर असला तर तेव्हा २० सेकंद होते, २०२४ पासून १८. आधी मॅच तीन तासांच्या वर जायची, आता दोन तास चाळीस मिनिटांत उरकते. म्हणजे सव्वासातला माणूस मोकळा. पाणी किती वाजता येतं ते तुम्ही लिहिलं नाही, सव्वासातनंतर येत असलं तर भांडणच मिटलं.

प्रश्न: सर मी लातूरला नीटची तयारी करतोय, रूममेटमुळे बेसबॉल बघायला लागलो (घरी सांगू नका). एका बॅटरनं पहिल्या दोन आठवड्यांत ४५ पैकी २० हिट मारले (म्हणजे बॉल मारून बेस गाठला), अ‍ॅव्हरेज ०.४४४. रूममेट म्हणतो ह्या वर्षी ०.४०० पार होणार. शक्य आहे का?
(क्लासवाला, लातूर)

उत्तर: बाळा, तुझ्या क्लासमध्ये पहिल्या युनिट टेस्टला टॉप येणारे किती अन मेच्या परीक्षेत टिकणारे किती, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. पहिल्या टेस्टला दोनच चॅप्टर असतात.

०.४०० शेवटचं कुणी मारलं माहितीय? टेड विल्यम्स, बोस्टन, १९४१, ०.४०६. त्यानंतर मेजर लीगच्या, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या लीगच्या, पूर्ण सीझनमध्ये कुणीच नाही. टोनी ग्विन १९९४ ला ०.३९४ पर्यंत गेला होता, पण त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्लेअर्सचा संप झाला आणि सीझनच बंद पडला, तो काय करता ते कुणालाच कळलं नाही, माझ्या पिढीच्या लोकांना ते अजून खुपतं.

तुझ्या बॅटरचा हिशोब करू. समजा तो मुळात ०.२८० चा माणूस आहे, म्हणजे चांगलाच म्हणायचा. पुढं अजून ५०० वेळा तो बॅटिंगला आला आणि आपल्या वकुबाप्रमाणे १४० हिट मारले. एकूण १६० हिट, ५४५ अ‍ॅट-बॅट, अ‍ॅव्हरेज ०.२९४. झालं. दोन आठवड्यांच्या दिवाळीचे वर्षाला चौदा पॉइंट मिळाले. आणि ०.४०० गाठायचं तर त्याला उरलेल्या ५०० मध्ये १९८ हिट लागतील, म्हणजे उरलेलं अख्खं वर्षपण विल्यम्ससारखंच खेळावं लागेल.

एप्रिलचे हिरो ही वेगळीच जमात आहे, मला फार आवडते. १९९४ च्या पहिल्याच दिवशी शिकागो कब्जच्या टफी ऱ्होड्सनं तीन होमरन (आपल्या सिक्सरसारखे, बॉल थेट कुंपणाबाहेर) ठोकले, ते पण ड्वाइट गूडनसारख्या पिचरला. (टीम हरली तरी, ते सोडा.) अख्ख्या सीझनमध्ये त्याचे झाले आठ. मग तो जपानला गेला अन तिथं मात्र ४६४ होमरन मारून आला, २००१ ला तर ५५ मारून सदाहारू ओहच्या विक्रमाची बरोबरी केली! म्हणजे माणूस खोटा नव्हता, जागा चुकली होती असं म्हणू. दुसरा ख्रिस शेल्टन, डेट्रॉइटचा. २००६ च्या एप्रिलमध्ये दहा होमरन, पेपरवाले वेडे झाले. वर्षाचे झाले सोळा, आणि जुलै संपता संपता त्याला खालच्या लीगमध्ये पाठवून दिलं. त्याच वर्षी त्याची टीम वर्ल्ड सिरीजमध्ये गेली, हे त्याच्या घरच्यांनी कसं बघितलं असेल मला नेहमी वाटतं.

एक युक्ती सांगतो. सुरुवातीच्या आठवड्यांत अ‍ॅव्हरेज बघू नको, ते फार हलतं, बॉल फिल्डरच्या एक हात बाजूनं गेला तर हिट अन हातात गेला तर आउट. बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाले की आउट) किती होतोय आणि वाइड बॉल सोडतोय का मारतोय, हे बघ. ती सवय असते, ती लवकर दिसते. घरी सांगत नाही. पण बायोलॉजी कर.

प्रश्न: गुरुजी, टेबलमधी एक टीम अर्धी मॅच मागं आसं लिहितेत. आर्धी मॅच कशी आसती? पाऊस आला होता का?
(किराणा दुकानदार, जिंतूर)

उत्तर: नाही हो, हिशोबातली अर्धी आहे. रोज सगळ्यांच्या मॅच सारख्या होत नाहीत ना, म्हणून. विजयांचा फरक घ्या, पराभवांचा फरक घ्या, बेरीज करून दोननं भागा. वरची टीम ८-४ आणि खालची ७-५ असली तर फरक एक अधिक एक, भागिले दोन, म्हणजे एक मॅच मागं. खालची ७-४ असली तर एक अधिक शून्य, भागिले दोन, अर्धी. उधारीच्या वहीपेक्षा सोपं आहे.

प्रश्न: मागच्या वर्षी सुरुवातीलाच त्या नव्या आकाराच्या बॅटचा लई गाजावाजा झाला होता, टॉर्पेडो का काय. ही चीटिंग नाही का? मग कुणी पण आपल्या सोयीनं बॅट घडवून आणंल.
(सुतारकाम करणारा एक वाचक, वसमत)

उत्तर: तुम्ही सुतार आहात म्हणून बरं झालं, पटकन समजेल. साधी बेसबॉलची बॅट दांड्याकडून टोकाकडं जाड होत जाते. टॉर्पेडोमध्ये सगळ्यात जाड भाग टोकापासून थोडा आत, हाताच्या बाजूला सरकवलाय, आणि टोक परत निमुळतं केलंय. घरातलं लाटणं डोळ्यासमोर आणा, मध्ये फुगीर आणि टोकाला बारीक, थोडंफार तसं. डोक्यामागचा विचार एवढाच की अमुक बॅटरचा बॉल बॅटला नेमका जिथं लागतो तिथं लाकूड जास्त पाहिजे, जिथं लागतच नाही तिथं कशाला वजन वाहायचं. ही कल्पना लावून धरली एमआयटीत फिजिक्स शिकलेल्या आरन लीनहार्ट नावाच्या माणसानं, तो तेव्हा न्यूयॉर्कच्या यांकीज टीमकडं होता.

गाजावाजा झाला तो २९ मार्च २०२५ ला, सीझनची दुसरीच मॅच. यांकीजनी मिल्वॉकीला २०-९ नं धुतलं, नऊ होमरन, त्यात पहिल्या तीन बॉलवर तीन! दुसऱ्या दिवशी सगळीकडं बॅटचीच चर्चा. गंमत अशी की त्या नऊमधले तीन मारणारा आरन जज जुनीच बॅट वापरत होता.

नियमात बसते ती. लांबी ४२ इंचांपेक्षा जास्त नको, जाडी २.६१ इंचांपेक्षा जास्त नको, एका लाकडाची सलग पाहिजे, बस. आकार कुठं फुगवायचा ते ज्याचं त्यानं बघावं. क्रिकेटमध्ये पण बॅटचा फुगवटा खाली ठेवायचा का मध्ये हे प्रत्येक जण आपल्या खेळावरून ठरवतोच की. आणि मार्चच्या एका मॅचवर बॅटच्या आकारानं क्रांती झाली म्हणणं, हे परत पहिल्या सरीवर पेरणं झालं. काही जणांनी ठेवली, काही जणांनी परत जुनी काढली. तुम्ही लाकडाबद्दल विचारलं नाही पण सांगतो, आता बहुतेक मेपलची असते, काही बर्चची, आधी अ‍ॅश चालायचं.

प्रश्न: सर, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी रात्री मॅच लावली तर दोन्ही टीमच्या सगळ्या प्लेअरच्या पाठीवर ४२ नंबर! अंपायरच्या पण. आधी वाटलं माझी झोप झाली नाही म्हणून दिसतंय. काय प्रकार आहे?
(मिरवणुकीत नाचून दमलेला, नांदेड)

उत्तर: झोपेचा दोष नाही. १५ एप्रिलला दरवर्षी असंच असतं, २००९ पासून सगळेच ४२ घालतात.

१५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून (ब्रुकलिन म्हणजे न्यूयॉर्कचाच भाग) पहिली मॅच खेळला. त्याच्या आधी सहा दशकं तिथं काळ्या माणसाला मेजर लीगमध्ये येऊ दिलं जात नव्हतं, कुठल्या पुस्तकात लिहिलेला नियम नव्हता, सगळ्या मालकांनी मिळून पाळलेली वहिवाट होती. आपल्याला वहिवाट म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नाही. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, बाप जॉर्जियात दुसऱ्याच्या शेतात बटईनं राबणारा. मैदानावर शिव्या, हॉटेलात जागा नाही, समोरच्या टीमचे लोक पायावर बुटाचे खिळे घालायचे, आणि त्यानं पहिली काही वर्षं उलट बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. त्याचा नंबर ४२. १९९७ ला, पन्नास वर्षं झाली तेव्हा, तो नंबर सगळ्याच टीमसाठी रिटायर केला, आता कुणाला मिळत नाही, फक्त ह्या एका दिवशी सगळ्यांना.

तारखा शेजारी शेजारी आल्या हा योगायोग, पण बाबासाहेब १९१३ ला त्याच न्यूयॉर्क शहरात कोलंबियात शिकायला गेले होते, अन १९४६ ला, म्हणजे रॉबिन्सन मैदानात उतरायच्या एक वर्ष आधी, त्यांनी तिकडचे काळ्या लोकांचे पुढारी आणि विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, की आपल्या दोघांच्या लोकांची स्थिती सारखी आहे, तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडं जो अर्ज केलाय त्याच्या प्रती पाठवा. डू बॉइस यांनी उत्तर पण दिलं. तुम्ही मिरवणुकीतून येऊन ती मॅच लावली, बरं केलं.

आणि आजच्या विषयाला धरून एक. पहिल्या दिवशी रॉबिन्सनला एकही हिट मिळाला नव्हता. तीन अ‍ॅट-बॅट, शून्य. त्या दिवशी कुणी निकाल लावला असता तर? वर्षअखेर ०.२९७ अ‍ॅव्हरेज, लीगमध्ये सगळ्यात जास्त २९ चोरलेले बेस (पिचर बॉल टाकत असताना पळून गाठलेले), अन पहिलावहिला रूकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांतला सगळ्यात भारी.

प्रश्न: इकडं ४१ डिग्री, बाहेर निघता येईना, अन मॅचमधी प्लेअर तोंडातून वाफा काढायलेत. थंडीनं खेळावर फरक पडतो का?
(बस कंडक्टर, बीड)

उत्तर: पडतो. थंड हवा दाट असते, बॉलला अडवते, त्यामुळं जुलैमध्ये जो बॉल कुंपणाबाहेर जातो तोच एप्रिलमध्ये शिकागोत कुंपणाजवळ झेलला जातो. हात बधिर, बॅटला बॉल टोकाला लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या. म्हणून एप्रिलमधला पिचर जास्त भारी वाटतो अन बॅटर जास्त वाईट, दोघांना थोडं माफ करायचं. डेन्व्हरचं वेगळं, ते समुद्रसपाटीपासून जवळजवळ १६०० मीटर उंचावर, हवा विरळ, तिथं बॉल कधी पण उडतो. तुमच्या ४१ डिग्रीत बॉल लांब जाईल नक्की, पण मारायला उभं कोण राहणार?

प्रश्न: बेसबॉलमध्ये पण आता डीआरएस आलंय म्हणतात, खरं का?
(तुळजापूरचा एक जण)

उत्तर: खरं आहे, स्ट्राइक का बॉल, म्हणजे टाकलेला बॉल बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकोनातून गेला का बाहेरून, एवढ्यापुरतं, २०२६ च्या सीझनपासून. प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर शाबूत राहतं. फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरच (क्रिकेटच्या कीपरसारखा) मागू शकतो, लगेच टोपीवर टपली मारायची, बाहेर बसलेल्या कोचकडं बघायचं नाही. आपल्याकडं कॅप्टन पंधरा सेकंद सगळ्यांची तोंडं बघत बसतो, ते इथं चालत नाही, मला हे जास्त आवडलं.

प्रश्न: सर मी आठवीत आहे. शाळेत बेसबॉलच्या टीममधी घेतलंय मला, पिचर म्हणून. पप्पा म्हणतेत ह्याचा काय उपयोग, कुणी बघतं का हा खेळ. पहिल्या मॅचला माझे बॉल सगळे बाहेर गेले. सोडून देऊ का?
(सेलूची एक मुलगी)

उत्तर: एका मॅचवर? माय, वर एवढं पुराण कुणासाठी लावलंय मी.

बॉल बाहेर जाणारच. होमप्लेट, म्हणजे बॅटरजवळची पाटी, १७ इंच रुंद असते, जवळजवळ दोन विती, त्याच्यावरून बॉल काढायचाय. भिंतीवर खडूनं चौकोन काढ, खाली गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, वर पोटापर्यंत, रोज चाळीस-पन्नासच बॉल टाक, जास्त नको, खांदा अजून कोवळा आहे. वेगात टाकायचं सोड, आधी चौकोनात. पाय पुढं पडतो तो प्लेटच्या दिशेनं पडतोय का बघ, बाहेर जाणाऱ्या बॉलचं कारण दहापैकी सात वेळा हातात नसतं, पायात असतं. हे मी तीस वर्षं पोरांच्या मागं ओरडून शिकलोय.

पप्पांना सांग की शालेय स्पर्धेत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, जिल्ह्यावरून विभाग, राज्य असं वर जाता येतं, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण त्याला अटी असतात, कुठली स्पर्धा अन कुठला नंबर चालतो ते बदलत राहतं, म्हणून पप्पांना घेऊन एकदा परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा अन आजचा नियम विचार, आणि प्रत्येक सर्टिफिकेट जपून ठेव, झेरॉक्स वेगळी. माझ्या एका पोराचं मूळ सर्टिफिकेट उंदरानं खाल्लं होतं, त्याचं काय झालं ते परत कधीतरी.

आणि हे पण सांग. २००८ ला उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली दोन पोरं, रिंकू सिंग (क्रिकेटमधला नव्हे, वेगळा) अन दिनेश पटेल, भालाफेक करायची, बेसबॉल त्यांना माहीतच नव्हता. जोरात बॉल फेकायच्या एका स्पर्धेत निवडली गेली, अमेरिकेत नेऊन शिकवलं आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनी करार केला. मेजर लीगपर्यंत पोचली नाहीत, खालच्या लीगमध्ये खेळली, पण भाला फेकणारा खांदा तिथपर्यंत जातो हे दिसलं. तुझा खांदा कसा आहे ते मला पुढच्या मॅचनंतर कळव.

प्रश्न: अमेरिकेत नव्या बॉलला चिखल लावतात हे खरं आहे का? मित्र म्हणतो मी थापा मारतोय.
(धाराशिवचा शेतकरी)

उत्तर: तुम्ही खरे, मित्र हरला. नवा बॉल गुळगुळीत असतो, पिचरच्या हातून सटकतो, म्हणून मॅचच्या आधी प्रत्येक बॉल चिखलानं चोळतात. चिखल पण ठरलेला, डेलावेअर नदीच्या न्यू जर्सीकडच्या एका ओढ्याकाठचा, जागा नेमकी कुठं ते गुपित ठेवतात. आपली काळी माती लावली तर बॉल हातालाच चिकटेल.

प्रश्न: सर सगळ्यांना शहाणपण शिकवताय, तुमची स्वतःची टीम कोणती ते सांगा.
(परत वाळूजवाले)

उत्तर: पायरेट्स. रिंकू-दिनेशमुळं धरली अन सुटत नाही. शेवटची वर्ल्ड सिरीज १९७९ ला, १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस सीझन पराभव जास्त, म्हणजे मी धरली तेव्हा पण हरतच होते. आता पॉल स्कीन्स नावाचा पिचर आहे, २०२५ ला आपल्या लीगमधल्या सगळ्यात भारी पिचरचा साय यंग अवॉर्ड घेतला त्यानं, एकमतानं, आणि त्याचा स्वतःचा हिशोब काय तर १० विजय, १० पराभव. नऊ इनिंगमागं, म्हणजे पूर्ण मॅचमागं, दोन रनसुद्धा देत नाही माणूस, टीम रनच करत नाही.

पायरेट्स म्हणजे समुद्री चाचे. त्यामुळं आमच्या घरात सकाळी सातला चहाबरोबर बायको विचारते, चाचे हरले का? मी मोठ्यानं म्हणतो, हरले. शेजारी आमचे चाचा राहतात, ऐंशीच्या घरातले, ओट्यावर बसलेले असतात. परवा त्यांनी मला गेटपाशी थांबवलं अन म्हणले, मास्टरसाब, रोज सुबह मैं किससे हारता हूँ, जरा बताओ तो सही.